ऑफ-रोड गाडीचा डिफरेन्शियल बदलताना: निवड, मोजमाप आणि जुळवणी

खडकाळ चढावर एक चाक हवेत गरगर फिरते, दुसरे भक्कम जमिनीवर निश्चल उभे असते आणि इंजिनात पुरेशी ताकद असूनही गाडी जागची हलत नाही. अशा वेळी दोष इंजिनाचा नसतो, तर डिफरेन्शियलचा, म्हणजे इंजिनाची ताकद डाव्या-उजव्या चाकांना वाटून देणाऱ्या गिअरच्या रचनेचा असतो. साधा, म्हणजे ओपन डिफरेन्शियल दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवणारा जोर) देतो; त्यामुळे ज्या चाकाची पकड कमी, त्याला पेलवेल तेवढाच टॉर्क दुसऱ्या चाकाच्याही वाट्याला येतो. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा अधिक अंतर कापावे लागते, त्यासाठी ही रचना उत्तम आहे. चिखलात मात्र तीच अडचण ठरते. डिफरेन्शियल बदलायचा तो याच कारणासाठी. मात्र कोणता बसवायचा हे पान्हा हातात घेण्यापूर्वी ठरवावे, कारण चुकीची निवड नंतर कितीही काळजीपूर्वक बसवली तरी दुरुस्त होत नाही.

निवडीसाठी एक हिशेब मांडून पाहावा. समजा, चिखलातले चाक १०० न्यूटन-मीटर पेलू शकते आणि कोरड्या जमिनीवरचे ९००. ओपन डिफरेन्शियलमध्ये दोघांनाही १००-१०० मिळून एकूण २०० हाती लागतात. हेलिकल (तिरप्या दातांच्या) गिअरचा लिमिटेड स्लिप, म्हणजे घसरण मर्यादित ठेवणारा डिफरेन्शियल, ज्याचे टॉर्सेन हे सर्वांत परिचित नाव आहे, पकड असलेल्या चाकाकडे ठरावीक पटीने अधिक टॉर्क वळवतो. ही पट ३ धरली तर १०० आणि ३०० मिळून ४०० होतात. पूर्ण लॉक केलेल्या ॲक्सलमध्ये (डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यात) दोन्ही चाके एकाच वेगाने फिरण्यास बांधलेली असल्याने प्रत्येक चाक आपापल्या पकडीनुसार भार घेते आणि बेरीज १००० पर्यंत जाते. आता पहिले चाक चिखलातून उचलून हवेत धरले, तर त्याची पकड जवळजवळ शून्य होते. शून्याची तिप्पट शून्यच, त्यामुळे हेलिकल प्रकार इथे हात टेकतो; लॉकर, म्हणजे दोन्ही चाके अशी एकत्र बांधणारा डिफरेन्शियल, मात्र ९०० देतच राहतो. हेलिकल डिफरेन्शियल असलेल्या गाडीत अशा प्रसंगी डाव्या पायाने ब्रेक हलकेच दाबून ठेवला तर हवेतल्या चाकाला कृत्रिम अडथळा मिळतो आणि त्याच्या पटीत दुसरीकडे टॉर्क जातो. ही युक्ती खरोखर चालते, पण ती सरावाने साधते आणि ब्रेक तापवते.

क्लचपट्ट्यांच्या लिमिटेड स्लिप प्रकारात स्प्रिंगचा मूळ दाब असल्याने चाक हवेत गेले तरी थोडा टॉर्क पलीकडे पोहोचतोच. मात्र त्याच्या पट्ट्या झिजतात, आणि गिअर ऑइलमध्ये निर्मात्याने सांगितलेले घर्षण कमी करणारे मिश्रण टाकले नाही तर वळणावर गाडी गचके देते. ऑटोमॅटिक लॉकर एरवी लॉकच असतो आणि वळणावर बाहेरच्या चाकाला मोकळे सोडतो. तो मजबूत आणि सोपा असला तरी डांबरी रस्त्यावर त्याचा खटका आणि स्टिअरिंगवरची ओढ जाणवत राहते. चौथा प्रकार चालकाच्या इच्छेने लॉक होणाऱ्या लॉकरचा. तो हवेच्या दाबावर, विजेवर किंवा केबलवर चालतो. बटण बंद असताना ओपन डिफरेन्शियलसारखा वागतो आणि चालू केल्यावर पूर्ण लॉक होतो. डिफरेन्शियलमधले साइड गिअर (दोन्ही चाकांच्या शाफ्टवरचे) वेल्डिंगने कायमचे जोडून टाकण्याचा स्वस्त उपाय काही जण करतात. रस्त्यावर धावणाऱ्या गाडीसाठी तो विचारातही घेऊ नये.

जी गाडी रोज रस्त्यावर चालते आणि अधूनमधून डोंगरात जाते, तिच्या मागच्या ॲक्सलला चालकाच्या हाती राहणारा लॉकर बसवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. चिखल, वाळू आणि बर्फ एवढाच वापर असेल व चाके क्वचितच हवेत जात असतील, तर हेलिकल प्रकार अधिक सुखाचा. त्यात झिजणाऱ्या पट्ट्या नाहीत आणि तो आपले काम गुपचूप करतो. पुढच्या ॲक्सलला लॉकर सहसा नंतर बसवावा. तो लागला की स्टिअरिंग वळवणे जड होते, आणि स्वतंत्र सस्पेन्शनच्या गाड्यांमध्ये सीव्ही जॉइंटवर (वळणाऱ्या चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या सांध्यावर) मोठा ताण येतो. एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही: ओपन डिफरेन्शियलमध्ये एका ॲक्सल शाफ्टला एकूण टॉर्कच्या निम्म्याहून अधिक भार कधी येत नाही, लॉक केल्यावर मात्र सगळाच्या सगळा एका शाफ्टवर येऊ शकतो. पूर्वी चाक घसरून सुटत असे, आता शाफ्ट तुटू शकतो. म्हणून मोठे टायर आणि लॉकर एकत्र येणार असतील, तर शाफ्टच्या मजबुतीचाही खर्च आधीच गृहीत धरावा.

खरेदीपूर्वीची तपासणी

नवा डिफरेन्शियल गाडीच्या नावावर न मागवता ॲक्सलच्या मॉडेलवर मागवावा, कारण एकाच गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळे ॲक्सल आलेले असतात. हौसिंगवरची (बाहेरच्या पेटीवरची) पट्टी किंवा कोरलेला क्रमांक, ॲक्सल शाफ्टच्या स्प्लाइनची (टोकाच्या खाचांची) संख्या आणि गिअर रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यामागे प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून ॲक्सलकडे येणाऱ्या दांड्याचे) फेरे, या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. रेशो आतील दात मोजून निश्चित होतो: क्राउन व्हीलला (मोठ्या गिअरला) ४१ आणि त्याला फिरवणाऱ्या पिनियनला (छोट्या गिअरला) १० दात असतील तर तो ४.१० असतो. हौसिंग उघडायचे नसेल आणि डिफरेन्शियल ओपन असेल, तर एक चाक जमिनीवर ठेवून दुसरे उचलावे, गिअर न्यूट्रलमध्ये घेऊन उचललेले चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे आणि प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजावे. तो आकडा म्हणजेच रेशो. काही ॲक्सलमध्ये ठरावीक रेशोच्या वर आणि खाली कॅरिअर (क्राउन व्हील ज्यावर बसते तो भाग) वेगळा लागतो, हेही विचारून घ्यावे.

टायर मोठे करायचे असतील तर रेशो याच वेळी बदलावा, कारण तेच काम दोनदा उघडणे परवडत नाही. २९ इंची टायरवर ४.१० रेशो असलेल्या गाडीला ३३ इंची टायर लावले, तर ४.१० गुणिले ३३ भागिले २९, म्हणजे सुमारे ४.६७ रेशो हवा. बाजारात त्याच्या जवळचे ४.५६ आणि ४.८८ मिळतात. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचा रेशो सारखाच असला पाहिजे, अन्यथा फोर-व्हील ड्राइव्ह लावताच ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणाऱ्या पेटीवर) विनाकारण ताण येतो.

बसवण्याचे काम

गाडी सपाट जागी भक्कम स्टँडवर घ्यावी. नुसत्या जॅकवर काम करू नये. जुने ऑइल काढल्यावर चुंबकी प्लगला चिकटलेली राखाडी पेस्ट ही नेहमीची झीज समजावी, पण बोटाला टोचणारे कण किंवा दाताचा तुकडा दिसला तर क्राउन-पिनियन आणि बेअरिंग यांचीही तपासणी करणे भाग आहे. त्यानंतर काहीही सैल करण्यापूर्वी डायल गेज (बारीक अंतर मोजणारे उपकरण) लावून क्राउन व्हील आणि पिनियन यांच्यातील बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळीक, मोजून लिहून ठेवावा. हेच क्राउन-पिनियन पुन्हा वापरायचे असतील तर हा आकडा पुढच्या सगळ्या कामाचा आधार असतो. एकमेकांसोबत झिजलेले दात त्यांच्या जुन्याच जागी परत बसले तर शांत चालतात, नव्या दातांसाठी दिलेला आकडा त्यांना लागू पडेलच असे नाही.

बेअरिंगच्या टोप्यांवर डावी-उजवी अशी खूण पंचने करावी, कारण त्या हौसिंगसोबतच मशीन केलेल्या असतात आणि त्यांची अदलाबदल किंवा उलटापालट चालत नाही. ॲक्सल शाफ्ट बाहेर ओढल्यावर कॅरिअर काढावा आणि दोन्ही बाजूंच्या शिम (जागा भरणाऱ्या पातळ चकत्या) वेगवेगळ्या पाकिटांत ठेवाव्या. क्राउन व्हीलचे बोल्ट काढताना आटे पाहावे. काही ॲक्सलमध्ये ते उलटे असतात. नव्या कॅरिअरवर क्राउन व्हील बसवण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभाग पुसून, दगडी घासणीने कडेचे उंचवटे काढून टाकावे, कारण तिथे अडकलेला बारीकसा कणही व्हील वाकडे फिरवतो. व्हील घट्ट असेल तर ते गरम पाण्यात ठेवून थोडे प्रसरू द्यावे. ज्योत लावल्यास दातांचा कडकपणा जातो. बोल्ट नवे वापरावे, त्यांच्या आट्यांना थ्रेड लॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा द्रव) लावावे आणि ते समोरासमोरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, सांगितलेल्या टॉर्कपर्यंत आवळावे.

यानंतरचे काम चिकाटीचे आहे. कॅरिअर शिमसह हौसिंगमध्ये बसवून बॅकलॅश पुन्हा मोजावा, तोही क्राउन व्हीलच्या तीन-चार ठिकाणी. नव्या गिअरसाठी तो बहुधा ०.१५ ते ०.२५ मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेला असतो, तरी आपल्या ॲक्सलचा आकडा अंतिम मानावा. तो कमी आला तर क्राउन व्हील पिनियनपासून दूर न्यावे, जास्त आला तर जवळ आणावे. जितकी जाडी एका बाजूने काढली तितकीच दुसऱ्या बाजूला घातली म्हणजे बेअरिंगवरचा प्रीलोड (बसवतानाच दिलेला दाब) कायम राहतो. मग काही दातांना खुणेची पिवळी पेस्ट लावून, क्राउन व्हीलला लाकडी ठोकळ्याने थोडा अडथळा देत पिनियन दोन्ही दिशांना फिरवावे आणि ठसा पाहावा. ठसा दाताच्या उंचीच्या मध्यावर हवा. तो मुळाशी उतरला असेल तर पिनियन खूप आत आहे आणि टोकाकडे चढला असेल तर बाहेर. हा दोष पिनियनच्या शिमनेच सुटतो, बॅकलॅश हलवून तो झाकण्याचा प्रयत्न करू नये. केवळ कॅरिअर बदलला आणि पिनियनला हात लावला नाही, तर ही वेळ सहसा येत नाही. पिनियनही बदलायचे असेल, त्याचे बेअरिंग प्रेसने काढायचे असेल आणि प्रीलोडसाठी लहान मापाचा टॉर्क रेंच हाताशी नसेल, तर हा भाग अनुभवी कारागिरावर सोपवणे शहाणपणाचे आहे.

हवेवर चालणारा लॉकर असेल तर हौसिंगला नळीसाठी भोक पाडताना धातूचा चुरा आत जाऊ देऊ नये आणि नळी फिरत्या भागांपासून दूर बांधावी. झाकण लावण्यापूर्वी लॉकर चालू-बंद करून पाहावा: बंद असताना एक चाक हाताने फिरवल्यास दुसरे उलट दिशेने फिरले पाहिजे, चालू असताना दोन्ही एकाच दिशेने. हवा गळत असल्याचा फुसफुस आवाज याच वेळी ऐकू येतो. झाकण बंद झाल्यावर ती गळती ब्रीदरमधून (ॲक्सलमधली हवा आत-बाहेर होऊ देणाऱ्या छिद्रातून) ऑइल बाहेर फेकू लागते. ब्रीदरची नळी या निमित्ताने इंजिनखान्यात उंच नेऊन ठेवावी. गरम झालेला ॲक्सल ओढ्याच्या थंड पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि खाली राहिलेला ब्रीदर पाणी आत ओढतो.

वापर आणि पहिले काही किलोमीटर

नव्या क्राउन-पिनियनला पहिल्या फेरीत पंधरा-वीस मिनिटे हलक्या भाराने चालवून पूर्ण थंड होऊ द्यावे, सुरुवातीचे काही शे किलोमीटर काहीही ओढून नेऊ नये आणि सुमारे ८०० किलोमीटरनंतर ऑइल बदलावे. लॉकर अडथळ्यात अडकल्यावर नव्हे, त्याच्या आधी, गाडी थांबलेली किंवा अगदी संथ असताना लावावा; चाक जोरात फिरत असताना लॉक केल्यास दाते एकमेकांवर आदळतात. कठीण जमिनीवर तो बंद करावा, आणि सुटत नसेल तर स्टिअरिंग किंचित डावी-उजवीकडे हलवत गाडी थोडी पुढे-मागे घ्यावी. आडव्या निसरड्या उतारावर लॉक केलेला ॲक्सल धोक्याचा असतो, कारण दोन्ही चाके एकदम सुटतात आणि गाडी आडवी खाली सरकते. ओपन असताना एक चाक घसरले तरी दुसरे बहुधा धरून ठेवते. तसेच लॉकर किंवा लिमिटेड स्लिप बसवलेल्या ॲक्सलचे एकच चाक उचलून इंजिन गिअरमध्ये फिरवू नये, जमिनीवरचे चाक गाडीला स्टँडवरून खाली ढकलते.

चालवताना आवाजाकडे कान ठेवावा. केवळ वेग वाढवताना किंवा केवळ ॲक्सिलरेटर सोडल्यावर येणारा सूर दातांच्या जुळणीतील दोष सांगतो, दोन्ही वेळा सारखीच राहणारी घरघर बेअरिंगकडे बोट दाखवते, आणि ऑटोमॅटिक लॉकरचा वळणावरचा खटका हा त्याचा स्वभावच असल्याने त्यासाठी काहीही उघडण्याची गरज नाही.