मागच्या चाकाची ट्यूब स्वतः बदला, आणि नवी ट्यूब बसवताना फाडू नका

हिरोच्या एक्सपल्ससारखी कच्च्या रस्त्यावर चालणारी मोटरसायकल घेतली की महिन्याभरात दोन सल्ले मिळतात. सायलेन्सर बदल, आणि ट्यूबमध्ये पंक्चरचं लिक्विड भरून टाक, म्हणजे काळजीच नको. पहिला मी ऐकला नाही. दुसरा ऐकला, आणि पहिल्याच मोठ्या काट्याला टायरच्या आत चिकट चिखल होऊन बसला. त्यावर सोल्युशन धरेना की पॅच बसेना. तुम्ही भरू नका.

या गाड्यांना ट्यूब का असते, हे आधी सांगतो. हिरोची इम्पल्स २०११ ची, एक्सपल्स २०० ही २०१९ ची. दोन्हींची चाकं स्पोकची. दगडावर आपटलं तर स्पोकचं चाक थोडं लवतं, अलॉयसारखं तडकत नाही, म्हणून कच्च्या रस्त्याला तेच लागतं. पण अशा चाकात प्रत्येक स्पोकचं निपल, म्हणजे स्पोक आवळायचा छोटा नट, रिमला आरपार भोक पाडून बसवलेलं असतं. इतक्या भोकांतून हवा कशी थांबणार? म्हणून ट्यूब.

मुंबईत याचं काही वाटत नाही. पुलाखाली, सिग्नलजवळ, पेट्रोल पंपाला लागून, कुठेही पंक्चरवाला सापडतो. पण सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू हे सगळे दुचाकीला बंद, त्यामुळे आपली धाव तशीही कल्याण-मुरबाडकडे नाहीतर जुन्या हायवेने खोपोलीकडे. टोकावडे मागे टाकून माळशेजच्या बाजूला रविवारी दुपारी चाक बसलं, तर दीडशे किलोच्या वरची गाडी ढकलत कुठवर नेणार?

सामान फार नाही. टायर उचकटायचे तीन लिव्हर, एक्सेलला (चाकाच्या आसाला) बसणारा पाना, पायाचा पंप, पॅच-सोल्युशन-काचपेपर, एक नवी ट्यूब आणि बाटलीच्या झाकणात मावेल एवढा साबण. लिव्हर नागदेवी स्ट्रीटच्या हत्यारांच्या बाजारातून हातात धरून निवडा. टोक गोल आणि गुळगुळीत हवं. धारदार टोकाचा लिव्हर फुकट मिळाला तरी नको. ट्यूब एकच न्यायची असेल तर पुढच्या २१ इंची चाकाची न्या. ती मागच्या १८ इंचीत कोंबून घरापर्यंत येता येतं. उलट, १८ ची ट्यूब २१ मध्ये ताणून बसवायला जाऊ नका.

चाक काढणं सोपं आहे. गाडी साइड स्टँडवर, उजवीकडून स्विंगआर्मखाली (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याखाली) दगड किंवा दुधाचा क्रेट. नट काढा, चाक पुढे ढकला, चेन स्प्रॉकेटवरून उतरवा, एक्सेल ओढा. दोन्ही बाजूंचे स्पेसर रुमालावर त्याच क्रमाने ठेवा. चाक बाहेर असताना मागच्या ब्रेकच्या पेडलवर चुकूनही पाय देऊ नका. पॅड एकमेकांना भिडले की चाक परत आत जाणार नाही.

आता वाल्वपिन काढून सगळी हवा सोडा आणि टायरची कड रिमपासून सोडवा. बूट घालून कडेवर उभं राहायचं आणि गोल फिरत चालायचं, सुटते. एकाच बाजूची कड रिमबाहेर काढा, दुसरी आत राहू द्या. ट्यूब बदलायला अख्खा टायर उतरवायची गरज नसते, यूट्यूबवर कुणी काहीही दाखवो.

ट्यूब बाहेर आली की घाईने नवी घालू नका. जुनीत हवा भरून भोक शोधा आणि वाल्वपासून ते किती अंतरावर आहे ते टायरवर मोजून बघा. बाभळीचा काटा तिथेच रुतलेला असतो, बाहेरून दिसत नाही. उघडं बोट फिरवू नका, जुना मोजा फिरवा. काट्याला धागा अडकतो. भोक ट्यूबच्या आतल्या अंगाला, रिमच्या बाजूला असेल तर काट्याचा दोष नाही. रिमची रबर पट्टी सरकून निपल घासलंय, ती आधी नीट बसवा. आणि शेजारी-शेजारी दोन चिरा दिसल्या, तर हवा कमी ठेवून दगडावर आपटवलीत, ट्यूब रिम आणि दगडात चिमटली. कच्च्यात हवा कमी करायची फॅशन आहे. ट्यूबवाल्याने ती बेतानेच करावी.

इथपर्यंत कुणालाही जमतं. खरी गोची पुढे आहे.

भांडुपच्या आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका संध्याकाळी मी ओळीने तीन ट्यूब फाडल्या. काट्याने नाही, स्वतःच्या हाताने. प्रत्येक वेळी टायर अर्ध्याच्या वर सहज चढायचा, शेवटची वीतभर कड दगडासारखी कडक व्हायची. मग मी लिव्हर खोल खुपसून, त्यावर अख्खं अंग टाकून ओढायचो. कड टपकन आत जायची, मला आनंद व्हायचा, आणि पंप मारायला लागलो की फुस्स. वॉचमन बॅटरी धरून उभा होता. तिसऱ्या फुस्सला त्याने बॅटरी बंद केली आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी चाक खांद्यावर टाकून एलबीएस मार्गावरच्या पंक्चरवाल्याकडे नेलं. त्याने साठ रुपयांचं काम करता करता एवढंच विचारलं, "साहेब, तुम्ही लिव्हरकडे बघताय. समोरची बाजू कुठंय?"

सगळं त्यातच आहे. टायरच्या कडेत पोलादी तार असते, ती ताणत नाही. तुम्ही कितीही ओढा, कडेचा घेर वाढणार नाही. पण रिमच्या बरोबर मधोमध गोल खोलगट नाळी असते, आणि तिथे रिमचा घेर काठापेक्षा कमी असतो. समोरच्या बाजूची कड त्या नाळीत उतरली, तर तुमच्या बाजूला ढिलाई मिळते. ती वर काठावर चढून बसली असेल, तर ढिलाई शून्य, मग हात दुखेपर्यंत ओढा. माझ्या तिन्ही वेळा ती वर होती.

म्हणून असं करा. नव्या ट्यूबमध्ये सुरकुत्या जातील इतकीच हवा भरा. जास्त भरली तर मध्ये येते, मुळीच नसेल तर घडी पडून कडेखाली सापडते. वाल्व भोकातून काढून नट दोन आटे फिरवा, घट्ट करू नका. ट्यूब टायरमध्ये बोटांनी गोल सारून घ्या, कुठे पीळ नाही ना बघा. कडेला साबणाचं पाणी लावा. मग कड चढवायला सुरुवात वाल्वच्या बरोबर समोरून करायची आणि शेवट वाल्वपाशी. हे उलटं करू नका. वाल्व जिथे असतो तिथे नाळीत ट्यूबचा जाड भाग बसलेला असतो, कड तिथे खाली उतरत नाही. सुरुवात वाल्वपासून केलीत, की शेवटी ढिलाई मिळायची जागाच वाल्वने अडवलेली.

समोरच्या बाजूवर दोन्ही गुडघे टेका. टेकवूनच ठेवा, सगळं वजन तिथे. आता डावीकडून थोडं, उजवीकडून थोडं, हाताच्या तळव्याने कड ढकलत या. निम्म्याच्या पुढे गेलं की समोरची बाजू पुन्हा पुन्हा दाबत राहा, कारण तुम्ही इकडे ओढता तशी ती गुपचूप वर चढते. शेवटच्या वीतभराला लिव्हर घ्या, पण एका वेळी दोन बोटं रुंदीच. टोक जेमतेम कडेखाली जाईल एवढंच घाला आणि लिव्हर उभा झाला की थांबा. त्यापुढे वाकवलात तर टोक आतल्या ट्यूबला चिमटतं, तोच तो फुस्स. शेवटचा घास घ्यायच्या आधी वाल्व अंगठ्याने आत दाबा, म्हणजे त्याच्या बुडाशी ट्यूब कडेखाली सापडणार नाही.

जोर लागायला लागला तर लिव्हर ठेवून द्या. समोर बघा, कड वर चढलीय. साबण लावा, गुडघे टेका, पुन्हा. माझ्या धाकट्या चुलतभावाने, जो जिममध्ये जातो, माझ्यासमोर एक लिव्हर वाकवला. ट्यूब गेलीच.

मग हवा मारा. टायरवर रिमलगत एक बारीक रेघ असते; ती चाकभर रिमपासून सारख्या अंतरावर दिसली की टायर बसला. एका जागी आत गेलेली दिसली तर हवा सोडून तिथे साबण लावा, परत भरा. वाल्वचा नट रिमला आवळू नका, वर टोपीला भिडवून ठेवा. चालताना टायर रिमवर थोडा सरकला तर वाल्व तिरका झालेला लगेच दिसतो. नट आवळलेला असेल तर मुळाशी तुटतो.

चाक लावताना टायरवरचा फिरण्याच्या दिशेचा बाण बघा. चेन ढिली ठेवायची ती स्विंगआर्मवरच्या स्टिकरप्रमाणे, गल्लीतल्या मेकॅनिकच्या सवयीने नाही. त्याचा हात रोजच्या ये-जा करायच्या कम्युटर गाड्यांवर बसलेला असतो. साध्या एक्सपल्स २०० चं मागचं सस्पेन्शन १७० मिलिमीटर हलतं, आणि ते दबलं की चेन आपोआप ताणली जाते. आधीच ताठ ठेवली तर बेअरिंग आणि स्प्रॉकेट खाते. दोन्ही बाजूंच्या खुणा सारख्या करून नट आवळा.

निघण्याआधी मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबून पेडल कडक झालं का बघा, आणि पाचपन्नास किलोमीटरनंतर एक्सेलच्या नटाला पुन्हा एकदा पाना लावा. पहिली प्रॅक्टिस पार्किंगमध्ये करा, तीही पावसाळ्याआधी. घाटात, पावसात, ट्रक अंगावरून जात असताना हे शिकता येत नाही. फाटकी ट्यूब टाकून देऊ नका, तिच्या लांब पट्ट्या कापा. कॅरिअरला सामान बांधायला त्याच्याइतकं घट्ट काही नाही.