बिझनेसचं नाव रजिस्टर करायचं म्हणजे नक्की काय करायचं? फ्रीलान्सिंग सुरू करतानाचा माझा घोळ

नोकरी सोडून ट्रान्सलेशनची कामं घ्यायला लागले तेव्हा हातात क्लायंट एकच होता, तोही अर्धा, म्हणजे काम देतो म्हणाला होता फक्त, आणि मी आठवडाभर वहीत नावं खरडत बसले होते. शेवटी ‘मोकळी ओळ’ ठरलं. डोमेन घेतलं, लोगो केला, ईमेलखाली सही टाकली आणि मला वाटलं झालं की आता, नाव माझं.

पहिलं बिल याच नावाने पाठवलं. वर मोठ्या अक्षरात मोकळी ओळ, खाली बँकेचे डिटेल्स माझ्या पर्सनल अकाउंटचे. दहा दिवसांनी क्लायंटच्या अकाउंट्सवाल्यांची दोन ओळींची मेल आली की बिलावरचं नाव आणि खात्यावरचं नाव वेगळं आहे, पेमेंट होल्डवर ठेवलंय. मी उत्तर दिलं की दोन्ही मीच आहे. त्यावर त्यांनी विचारलं, पुरावा? आणि पुरावा म्हणून माझ्याकडे होता तो लोगो. पैसे शेवटी मिळाले, पण बिल माझ्या नावाने नव्याने काढल्यावर आणि जवळजवळ महिन्याने.

हे झाल्यावर मी नीट वाचायला बसले, आणि पहिलं कळलं ते असं की एकट्याने धंदा करतो तेव्हा कायद्याच्या नजरेत मी आणि धंदा वेगळे नसतोच. मोकळी ओळ नावाचं कुणी अस्तित्वात नाही, ते माझं टोपणनाव आहे. करार माझ्याशी, टॅक्स माझा, उद्या काही नुकसानभरपाई द्यायची वेळ आली तर तीही माझ्याच खिशातून. नाव रजिस्टर केलं म्हणून यातलं काहीच बदलत नाही, त्यासाठी कंपनी काढावी लागते आणि तो वेगळाच उद्योग आहे. सुरुवातीला बहुतेकांना त्याची गरजही नसते असं माझं मत, दोन क्लायंटसाठी दरवर्षी कंपनीचे कागद कोण भरत बसणार.

दुसरं म्हणजे ‘नाव रजिस्टर केलं का’ असं लोक विचारतात तेव्हा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी गोष्ट असते. कुणाला सरकारी नोंद म्हणायची असते, कुणाला बँकेतलं खातं, कुणाला डोमेन आणि कुणाला ट्रेडमार्क, म्हणजे नाव किंवा चिन्ह आपल्या धंद्यासाठी राखून ठेवणारा कायदेशीर हक्क. या चारही गोष्टी वेगळ्या जागी होतात आणि एक केली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. मी फक्त डोमेन घेतलं होतं आणि चारही झाल्यासारखी वागत होते.

सरकारी नोंदीचे नियम देशागणिक बदलतात, म्हणून दुसऱ्या देशातले व्हिडिओ बघून फॉर्म शोधत बसू नका (मी बसले होते). ब्रिटनमध्ये एकट्याने धंदा करणाऱ्याला नाव नोंदवावं लागत नाही, पण बिलावर धंद्याच्या नावासोबत स्वतःचं नाव लिहावंच लागतं. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या नावाने काम केलं तर नोंद नको, पण त्याच नावापुढे ‘अँड असोसिएट्स’ लावलं की लगेच नोंदणी आली. अमेरिकेत हे राज्य किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) पातळीवर चालतं, आणि कॅलिफोर्नियात तर नोंदवलेलं नाव पेपरमध्ये आठवड्याला एकदा असं 4 आठवडे छापावं लागतं. भारतात एकट्याच्या धंद्याच्या नावासाठी असं वेगळं रजिस्टरच नाही, त्यामुळे बँक करंट अकाउंट उघडताना धंद्याच्या नावावरची इतर सरकारी कागदपत्रं मागते. म्हणून आधी बँकेत जाऊन विचारा की या नावाने खातं उघडायला काय लागेल, आणि मग उलटे मागे या. मला हे आधी सुचलं असतं तर लोगोचे पैसे वाचले असते.

ट्रेडमार्कचं मात्र जरा थांबून समजून घ्या. सरकारदरबारी नावाची नोंद झाली तरी ते नाव वापरायचा हक्क फक्त तुमचा असं होत नाही, आणि त्याच क्षेत्रात कुणाचा तसाच ट्रेडमार्क असेल तर तो तुम्हाला थांबवू शकतो, तुमच्याकडे सर्टिफिकेट असो वा नसो. ट्रेडमार्क वर्गवार मिळतो, एकूण 45 वर्ग आहेत, 34 वस्तूंचे आणि 11 सेवांचे. ट्रान्सलेशन 41 मध्ये येतं, ग्राफिक डिझाइन आणि सॉफ्टवेअर बनवून देण्याची सेवा 42 मध्ये, जाहिरात 35 मध्ये. तो ज्या देशात घेतला तिथेच चालतो. आणि ते गोलातलं आर चिन्ह नोंदणी झाल्याशिवाय लावू नका, बऱ्याच देशांत तो गुन्हा आहे, टीएम, म्हणजे नुसतं ‘ट्रेडमार्क’चं लघुरूप, लावलेलं चालतं. पहिल्या वर्षी ट्रेडमार्क घ्याच असं मी म्हणणार नाही, पण शोध तरी घ्या. आपल्या देशाच्या ट्रेडमार्क ऑफिसच्या साइटवर फुकट शोधता येतं, आणि नुसतं स्पेलिंग नाही तर उच्चाराने जवळची नावंही बघा, कारण हरकत त्यावरूनही येते. ‘बेस्ट ट्रान्सलेशन’ असलं कामाचंच वर्णन करणारं नाव असेल तर ट्रेडमार्क मिळणं मुश्किलच.

आता माझी सगळ्यात मोठी चूक, जी कुठल्याच गाइडमध्ये नव्हती. माझ्या नावात दोन ळ. रोमनमध्ये ळ ला अक्षरच नाही! मी डोमेनमध्ये डबल एल घातले, बँकेच्या फॉर्मवर सिंगल लिहिला कारण चौकोन कमी पडले, आणि क्लायंटने फोनवर ऐकून स्वतःच्या मनाने तिसरंच काहीतरी टाइप केलं. तीन ठिकाणी तीन नावं. फोनवर मी ‘एल, नाही नाही डबल एल, हो दोन्हीकडे’ असं इतक्या वेळा बोलले की घरच्यांना पाठ झालं. तर मराठी नाव ठेवायचंच असेल, जरूर ठेवा, पण फॉर्म भरायच्या आधी पाच जणांना फोनवर नुसतं ऐकवा आणि इंग्रजीत टाइप करून पाठवायला सांगा. पाचही स्पेलिंग सारखी आली तर पुढे जा. ळ, ण, क्ष, ज्ञ असलेली नावं इथे हमखास आपटतात.

डोमेन स्वतःच्याच अकाउंटवरून घ्या हेही सांगते, माझं एका मित्राच्या अकाउंटवर होतं आणि रिन्यूची मेल त्याच्या स्पॅममध्ये जायची.

सध्या माझ्या बिलावर पहिल्या ओळीत माझं पूर्ण नाव असतं, त्याखाली बारीक अक्षरात मोकळी ओळ, आणि खात्यावरचं नाव पहिल्या ओळीशी अक्षर न अक्षर जुळतं. तेव्हापासून पेमेंट अडकलेलं नाही. फक्त त्या पहिल्या क्लायंटच्या सिस्टीममध्ये मी अजून ‘मोकली ओल’ आहे, बदलायचं तर व्हेंडर फॉर्म पहिल्यापासून भरा म्हणाले, मी म्हटलं राहू दे.