घडीचे चाकू जमवताय? या चुका टाळा, म्हणजे नंतर हळहळ नको

गेल्या दिवाळीपासून माझ्याकडे चार मुलं चाकू विकायला आली. माझं जळगावात ठिबकच्या नळ्यांचं आणि फिटिंगचं दुकान आहे. गल्ल्याखालच्या खणात जुने घडीचे चाकू असतात, हे आता गावभर झालंय. चौघांचं पहिलं वाक्य एकच होतं, "काका, हा घेता का? महिन्यापूर्वीच घेतलाय." एकाला तो हातात लहान वाटला, दुसऱ्याच्या चाकूचं पातं हलत होतं, तिसऱ्याला घरून बोलणी बसली होती आणि चौथ्याचं मन पार्सल यायच्या आतच दुसऱ्या चाकूवर गेलं होतं.

हा नाद मला बावीस वर्षं आहे. चाकू घेऊन पस्तावलेल्या माणसांना मी भरपूर पाहिलंय, आणि त्या चुकाही त्याच त्या असतात. म्हणून एकदा सगळं लिहून टाकतो.

फोटो पाहून पैसे पाठवणं

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा घेणारा माणूस काय करतो ते आठवा. दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो, मग दुसऱ्या दिवशी परत येऊन पुन्हा बघतो. त्याच घरातला पोरगा चाकूसाठी तीन हजार रुपये मोबाइलवर दोन मिनिटांत पाठवून मोकळा होतो.

फोटोत आकार कळत नाही. फ्रान्सच्या साव्हॉय भागातला ओपिनेल चाकू नंबरांनी विकला जातो, आणि आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटिमीटर असतं. पट्टी घ्या, कागदावर तेवढी रेघ ओढा, मूठ किती लांब असेल तेही काढा आणि तो कागद खिशात ठेवून दोन दिवस फिरा. मी आजही असंच करतो.

चाकू हातात मिळाला तर मी तो आधी मिटलेला बघतो. मिटल्यावर पात्याचं टोक मुठीच्या वर डोकावत असेल, तर बोट कापणार. पातं घासून घासून संपत आलं की असं होतं. मुठीतली खाच लांब आणि पातं आखूड दिसलं तरी तेच समजा. मग मागून उजेडाकडे धरतो, स्प्रिंग आणि पत्र्याच्या मधून उजेड आरपार दिसतो का ते बघायला. मग उघडून पातं दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे आणि वर-खाली हलवतो. शेवटी कानाजवळ नेऊन तीन-चार वेळा उघड-मीट करतो. चांगल्या स्प्रिंगचा आवाज कोरडा आणि एकदाच येतो, टक्. आवाज दबका आला तर आत मळ आहे किंवा स्प्रिंग थकलीय. मळ निघतो, थकलेल्या स्प्रिंगला इलाज नाही.

लांबून घ्यायचा असेल तर हेच चार कोनांतून फोटो मागा, शेजारी पट्टी ठेवून. देत नसेल तर सोडून द्या. "दुसरं गिऱ्हाईक थांबलंय" असं म्हणाला, तर नक्कीच सोडून द्या.

जुन्या पात्याला चकचकीत करणं

ही चूक मी स्वतः केली आहे आणि तिचं दुःख अजून गेलेलं नाही.

भुसावळ हे रेल्वेचं गाव. जुनी बंगलेवजा घरं मोडली की तिथल्या भंगारात इंग्रजांच्या काळातल्या वस्तू अजून सापडतात. नादाला लागून दुसरंच वर्ष होतं. एका भंगारवाल्याच्या ढिगात, बिजागऱ्यांच्या डब्यात, दोन पात्यांचा चाकू मिळाला. हाडाची मूठ, पिवळी पडलेली. पात्यावर राखाडी-काळी सावली होती आणि बुडाशी, खिळ्याजवळ, बारीक अक्षरं. नखाने मळ काढला तर एक चांदणी आणि तिच्या शेजारी टोकं फाकलेला क्रॉस दिसला. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या जोसेफ रॉजर्स या चाकूच्या कारखान्याची ती खूण. हिंदुस्थानात या नावाला इतका मान होता, की त्याची नक्कलही खूप झाली. म्हणूनच खुणेच्या आजूबाजूची अक्षरं महत्त्वाची. व्ही आर असेल तर व्हिक्टोरिया राणीचा काळ, म्हणजे १९०१ पर्यंतचा. जी आर असेल तर बहुधा १९१० नंतरच्या जॉर्ज राजांचा. खाली 'इंग्लंड' असेल तर बहुधा १८९० नंतरचा, कारण त्या वर्षीच्या अमेरिकी जकात कायद्याने परदेशी मालावर देशाचं नाव घालणं भाग पाडलं आणि कारखाने ते सरसकट छापू लागले.

हे सगळं मी नंतर शिकलो. त्या दिवशी मला फक्त तो चमकलेला बघायचा होता. स्टेशनकडे जाताना सायकलचं चाक फिरवून धार लावणारा एक जण दिसला. मी चाकू त्याच्या हातात दिला आणि म्हणालो, "एकदम नवा करून द्या." त्याने मन लावून काम केलं, त्याचा काही दोष नाही. दगडावर पातं टेकलं, ठिणग्यांचा फवारा उडाला, मग गुळगुळीत चाकावर फिरवलं. पाच मिनिटांत पातं स्टीलच्या चमच्यासारखं झालं. घरी येऊन भिंगाखाली धरलं, तर अर्धी चांदणी उरली होती. क्रॉस गेला होता, अक्षरं गेली होती. टोकाकडे निळसर छटा होती, ती मला तेव्हा सुंदर वाटली.

धुळ्याला एक निवृत्त गुरुजी आहेत, आमच्या नादातले सगळ्यात जाणते. त्यांना मोठ्या हौसेने दाखवायला गेलो. त्यांनी चाकू उघडला, अंगठा बुडाशी फिरवला, बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाऊ, चाकू तू ली उना, पन त्यानं नाव तठेच टाकी उना." म्हणजे चाकू आणलास, पण त्याचं नाव तिथेच टाकून आलास.

ती निळी छटा काय होती तेही त्यांनीच सांगितलं. पोलाद तीनशे अंशांच्या आसपास तापलं की निळं पडतं. पात्याला त्याहून बऱ्याच कमी उष्णतेवर पाणी, म्हणजे कडकपणा, बसवलेलं असतं, त्यामुळे निळं पडलं की तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. खरंच, आजही त्या टोकाने सोळा एमएमची एक लॅटरल, म्हणजे ठिबकची नळी, कापली की धार वळते. तो चाकू कधीचा हे आता कुणीही सांगू शकणार नाही.

तेव्हा जुन्या पात्यावरची राखाडी-काळी सावली घालवू नका. ती पोलादाला सांभाळते. घालवायचा तो लाल गंज. मी शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब टाकून रात्रभर ठेवतो आणि सकाळी तांब्याच्या नाण्याच्या कडेने किंवा बांबूच्या काडीने हळूहळू खरवडतो. एका पात्याला तीन-चार संध्याकाळी जातात. ज्यांना एवढा वेळ नाही, त्यांनी जुना चाकू घेऊच नये, नवा घ्यावा. मी हे रागाने म्हणत नाही. पॉलिश पेपर आणि ड्रिलला लावायची चाकं यांनी जितके जुने चाकू संपवलेत, तितके गंजानेही संपवले नसतील असं मला वाटतं.

धार स्वतःच लावायला शिका, सपाट दगडावर, पाणी घालून. चाकावर कधीच नको.

गोडेतेल लावणं

शेंगदाण्याचं, तिळाचं, सोयाबीनचं, कुठलंही नको. घट्ट होतं, सांधा चिकटतो, मग "स्प्रिंग खराब निघाली" म्हणून चाकू विकायला काढतात.

सगळे चाकू एका बंद डब्यात ठेवणं

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. पत्र्याखालच्या खोलीतलं लोखंडी कपाट दुपारी हात लावू देत नाही. माझ्या एका मित्राने अशाच कपाटात प्लास्टिकच्या घट्ट झाकणाच्या डब्यात नऊ चाकू ठेवले होते. गणपतीत डबा उघडला, तर कापूर आणि आंबूस असा एकत्र वास आला. एका चाकूच्या कासवपाठीसारख्या दिसणाऱ्या मुठीला भेगा पडून तिचे तुकडे होत होते. त्याचं पातं तर गेलंच, शेजारच्या चार चाकूंवरही गंज चढला होता, बरोबर त्या मुठीकडच्या बाजूने. मित्र मला म्हणाला, "मला खोटे चाकू विकले." चाकू खोटे नव्हते. ती मूठ सेल्युलॉइडची होती. नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून ते बनतं, जुनं झालं की विटतं आणि त्यातून निघणारे वायू दमटपणाशी मिळून आम्ल होतात. उष्णतेने हे भराभर होतं आणि बंद डब्यात वायूला जायला वाट नसते.

सेल्युलॉइडचा संशय असलेला प्रत्येक चाकू माझ्याकडे वेगळा असतो, साध्या पुठ्ठ्याच्या उघड्या खोक्यात, तळमजल्यावर, भिंतीतल्या फडताळात. महिन्यातून एकदा वास घेतो. आणि एक कळकळीची विनंती. मूठ कशाची आहे हे बघायला तापवलेली सुई टोचायची पद्धत पोरं कुठून तरी शिकून येतात. सेल्युलॉइड भडकन पेटतं. हातात असताना पेटलं तर काय होईल याचा विचार करा.

चामड्याच्या म्यानात कायमचा ठेवू नका, हेही इथेच सांगून टाकतो. कातडं कमावताना वापरलेल्या क्षारांनी पितळ हिरवं पडतं आणि पातं गंजतं.

लाकडी मुठीला पावसाळ्याआधी न बघणं

चोपड्याचा एक मुलगा, केळीवाल्याचा, श्रावणात ओपिनेल घेऊन आला. बीच नावाच्या झाडाच्या लाकडाची मूठ दमट हवेत फुगली होती आणि पातं निघत नव्हतं. त्याने पकडीने ओढलं आणि धारेचा दाण्याएवढा तुकडा उडवला. "हे फ्रान्सचं लाकूड आपल्याकडे चालत नाही, विकून टाकतो," म्हणाला. चालतं. साव्हॉयचे लोकही मुठीचं बूड टेबलावर आपटून अडकलेलं पातं सैल करतात. मी मृग लागायच्या महिनाभर आधी मुठीला आणि सांध्याजवळच्या लाकडाला जवसाचं तेल लावतो, पातळ तीन हात, मध्ये चार-चार दिवस वाळवून. जवसाचं तेल वाळतं, म्हणून ते लाकडालाच लावायचं, पात्याला नाही. तेलाची चिंधी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेटू शकते, पसरून वाळवा.

नावावर भुलणं

लाग्योल हे फ्रान्समधल्या एका गावाचं नाव. तो शब्द पात्यावर आणि माशी स्प्रिंगवर असली म्हणजे चाकू त्या गावचा, असं मुळीच नाही. जगभरचा स्वस्त माल याच नावाने विकला जातो. नावाबरोबर कारखाना कुठला ते विचारा. खरा मिळाला तर झटक्याने मिटू नका, हाताने अलगद मिटा. कित्येकांची धार आत स्प्रिंगवर आपटून मध्येच बोथट होते आणि दोष चाकूला मिळतो.

पात्यावर लहरींसारखी नक्षी असलेलं खरं 'दमास्कस' पोलाद हजार रुपयांत मिळत नाही.

कायदा न बघता घेणं

सांबराच्या शिंगाची मूठ फार देखणी असते, मलाही मोह पडतो. पण १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सांबर संरक्षित आहे, हस्तिदंताचा व्यापारही बंद आहे. "गळून पडलेलं शिंग आहे" या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नका. म्हशीचं शिंग, गुरांचं हाड, लाकूड एवढ्यावर भागवा. पात्याची लांबी नऊ इंचांच्या किंवा रुंदी दोन इंचांच्या पुढे गेली की शस्त्र कायद्याखालचे नियम आडवे येतात. मोठा रामपुरी घ्यायची हौस असलेल्यांनी आधी हे समजून घ्यावं. आणि चाकू छोटा असला तरी यात्रेच्या गर्दीत खिशात मिरवू नये.

पस्तावा झाल्या झाल्या विकणं

ही शेवटची चूक आणि माझ्या मते सगळ्यात महागडी. पहिल्या आठवड्यात प्रत्येकच चाकू थोडा परका वाटतो. स्प्रिंग कडक असते, नख दुखतं, मूठ तळव्यात बसत नाही. पोरं तेव्हाच तीन हजारांचा चाकू अठराशेला देऊन टाकतात आणि त्या अठराशेत पुन्हा तशाच घाईने दुसरा आणतात.

माझ्याकडे विकायला आलेला चाकू मी लगेच घेत नाही. सांगतो, एक महिना रोज वापर. लिंबू काप, पेरू काप, दोरी काप, मग ये. चोपड्याच्या मुलालाही तेच सांगितलं. उडालेला तुकडा मी दगडावर दोन संध्याकाळ घासून धारेत मिळवून दिला, पातं तेवढं अरुंद झालं.

तो आला मार्गशीर्षात, वांगी घेऊन. त्यांच्या मळ्यात भरिताचा बेत होता, बोलवायला आला होता. तिथे कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजत होती आणि हा खाली बसून त्याच चाकूने कांद्याची पात चिरत होता. केळीच्या चिकाने पातं निळं-काळं झालेलं, पण धारेची रेघ पांढरी, स्वच्छ. मी हात पुढे केला. त्याने आधी चाकू पंच्याला पुसला, मिटला आणि मूठ माझ्याकडे करून दिला. उघडून कानाशी नेला. दोन्हीकडे हलवून पाहिला. मग परत त्याच्या हातात दिला. विकायचा विषय त्यानेही काढला नाही, मीही नाही.