गोव्याच्या दमट हवेत बिअर्डेड ड्रॅगनचा आहार आणि पचन

गोव्यात पाळलेल्या बिअर्डेड ड्रॅगनचे पोट बिघडले की घरातली माणसे आधी त्याने काय खाल्ले याचा शोध घेतात. तो शोध आवश्यक आहेच, पण त्याआधी टँकमधले, म्हणजे त्याला ठेवलेल्या काचेच्या पेटीतले, तापमान मोजावे, असे मी आग्रहाने सांगेन. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या, रखरखीत प्रदेशातला आहे. अन्न पचवण्यासाठी लागणारी ऊब त्याचे शरीर स्वतः निर्माण करत नाही. ती त्याला उन्हातून किंवा दिव्यातूनच मिळवावी लागते. माणसाचा जठराग्नी पोटात असतो, याचा मात्र टँकच्या छताला टांगलेला असतो. तो मंद झाला की उत्तम प्रतीचा पालाही पोटात तसाच पडून राहतो, कुजू लागतो आणि पुढचे अन्न अडवतो.

शेकण्याच्या जागेचा पृष्ठभाग 38 ते 42 अंश सेल्सिअस असावा आणि टँकची दुसरी बाजू 24 ते 28 अंशांच्या आसपास थंड असावी, म्हणजे प्राण्याला गरजेप्रमाणे जागा बदलता येते. एप्रिल-मे महिन्यांत आपल्याकडे ही थंड बाजू आपोआप तिसाच्या वर जाते. तेव्हा टँकमध्ये सावली आणि खेळती हवा राहील याची काळजी घ्यावी. काचेवर चिकटवण्याच्या गोल तापमापकावर विसंबू नये, कारण तो काचेजवळच्या हवेचे तापमान दाखवतो. प्राणी ज्या दगडावर किंवा फांदीवर पोट टेकतो, तिथेच डिजिटल तापमापकाने किंवा इन्फ्रारेड गनने मोजावे. सकाळी दिवा लागल्यावर तासाभराने, अंग तापल्यानंतर पहिले खाणे द्यावे, आणि शेवटचे किडे दिवा मालवण्याच्या किमान दोन तास आधी द्यावेत.

पावसाळ्यात खरी परीक्षा असते. सत्तरी, पेडणे, सांगे अशा भागांत वादळी पावसात वीज गेली की ती कधी परत येईल याचा नेम नसतो, आणि नुकतेच पोटभर किडे खाल्लेला प्राणी थंड पडतो. शेकण्याचा 75 ते 100 वॅटचा दिवा घरच्या इन्व्हर्टरवर काही तास सहज चालतो. म्हणून त्याची जोडणी इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावी, ही माझी पहिली सूचना आहे. ती सोय नसेल, तर वीज जाण्याची चिन्हे दिसताच त्या दिवशी किडे देऊ नयेत. निरोगी प्रौढ प्राण्याला एखाद्या दिवसाच्या उपासाने काहीही होत नाही, पण थंड पोटात अन्न साठल्याने निश्चित होते. खाणे आधीच झाले असेल, तर गरम पाण्याची पिशवी जाड टॉवेलात गुंडाळून त्याच्याजवळ ठेवावी आणि पाणी निवले की बदलावे.

ऊब आणि अतिनील-बी किरणे या दोन स्वतंत्र गरजा आहेत. अतिनील-बी किरणांमुळे प्राण्याच्या त्वचेत जीवनसत्त्व ड 3 तयार होते, आणि त्याशिवाय खाण्यातले कॅल्शियम नीट शोषले जात नाही. कॅल्शियमच्या अभावी हाडे मऊ पडतात हे बहुतेकांना ठाऊक असते; मात्र आतड्याच्या स्नायूंच्या हालचालीलाही कॅल्शियम लागते, त्यामुळे जुन्या बद्धकोष्ठाचे मूळ पुष्कळदा किरणांच्या कमतरतेत सापडते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात ही किरणे जवळजवळ नसतात. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळच्या कोवळ्या उन्हात, सावलीची जागा असलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात, देखरेखीखाली त्याला बसवावे. काचेचा टँक मात्र कधीही उन्हात ठेवू नये, कारण तो काही मिनिटांत जीवघेणा तापतो. पावसाळ्यात सारी भिस्त अतिनील-बी नळीवर असते. ती उजेड देत असली तरी तिची किरणे हळूहळू क्षीण होतात. म्हणून उत्पादकाने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांनी, ती बदलावी.

आता ताटलीकडे वळू. वाढत्या पिल्लाच्या आहारात साधारण 70 ते 80 टक्के किडे आणि उरलेला पाला असावा. वर्ष-दीड वर्षाच्या प्रौढाचे प्रमाण याच्या नेमके उलट असते. पिल्लाला दिवसातून दोन-तीनदा किडे लागतात, प्रौढाला आठवड्यातून दोन-तीनदा पुरतात, आणि पाला दोघांनाही रोज द्यावा. प्रौढ प्राणी हौसेने खातो म्हणून त्याला रोज सुपरवर्म किंवा मीलवर्म देणे ही मला सर्वांत घातक माया वाटते, कारण त्या अळ्यांत चरबी भरपूर असते आणि ती यकृतात साठत जाते. रोजचे किडे म्हणून खात्रीच्या ठिकाणी वाढवलेले रातकिडे, डुबिया झुरळे किंवा रेशमाच्या अळ्या चांगल्या. कोणताही किडा प्राण्याच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा मोठा नसावा. त्याहून मोठा किडा नीट चावला जात नाही आणि विशेषतः पिल्लांच्या आतड्यात अडकू शकतो.

बहुतेक किड्यांत कॅल्शियमपेक्षा फॉस्फरस अधिक असतो, तर आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट असणे इष्ट आहे. ही तूट दोन मार्गांनी भरून काढावी. किडे खाऊ घालण्याआधी किमान चोवीस तास त्यांना तांबडा भोपळा, गाजर आणि पाला खायला द्यावा. नंतर स्टीलच्या डब्यात किडे घेऊन त्यांवर चिमूटभर कॅल्शियमची पूड टाकावी आणि झाकण लावून डबा हलकेच फिरवावा; किड्यांच्या अंगावर पिठाचा हात लागावा इतपत पातळ थर बसला की पुरे. पूड ढिगाने बसली तर प्राणी तोंड फिरवतो. पिल्लांसाठी हे जवळजवळ रोज करावे, प्रौढांसाठी आठवड्यातून दोन-तीनदा. जीवनसत्त्वांची पूड मात्र आठवड्यातून एकदाच, कारण जीवनसत्त्व अ अति झाले तरी बाधते. पावसाळ्यात या पुडीचे खडे होतात. ती घट्ट झाकणाच्या छोट्या बरणीत ठेवावी आणि रातकिड्यांच्या डब्यातली भाजीही रोज बदलावी, कारण एका रात्रीत तिच्यावर बुरशी धरते.

पाल्याच्या बाबतीत गोवेकरांना काही उणे नाही. परसातल्या शेवग्याचा, म्हणजे मशिंगाचा, कोवळा पाला कॅल्शियमने समृद्ध असतो. त्यासोबत जास्वंदीची कोवळी पाने व फुले, तुतीची पाने, किसलेला तांबडा भोपळा, तेंडली, कोवळी फरसबी, भेंडी अशी अदलाबदल करावी. सारे बारीक चिरून, धुतल्यानंतर थोडे ओलसरच ठेवून द्यावे. जास्वंद स्वतःच्या अंगणातली असावी. पूजेसाठी विकत आणलेल्या फुलांवर फवारणी झालेली असू शकते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुडीने मिळणारी तांबडी भाजी आणि पालक ही विषे नव्हेत, पण त्यांतील ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवते, म्हणून त्या रोजच्या नसाव्यात. अळूची पाने आणि बिंबले मात्र अजिबात देऊ नयेत. कोबी व मुळ्याचा पाला क्वचित द्यावा. आइसबर्ग लेट्यूसने पोट पाण्याने भरते आणि शौचास पातळ होते. अव्हाकाडो विषारी आहे. फळे चवीपुरती: पपई त्यांत उत्तम, तर केळ्यात फॉस्फरस अधिक आणि आंब्यात साखर पुष्कळ. चवथीच्या दिवसांत घरात पाहुण्यांची वर्दळ असते आणि कौतुकाने कोणी केळ्याची फोड, नेवरीचा (करंजीचा) तुकडा किंवा सुंगट (कोळंबी) पुढे करते. टँकवर ‘खाऊ देऊ नये’ अशी चिठ्ठी लावण्यात संकोच बाळगू नये.

घरात सापडणारी झुरळे आणि बाहेरचे किडे देऊ नयेत. त्यांतून परजीवी आणि कीटकनाशके पोटात जातात. त्यातही काजव्यांबाबत अत्यंत सावध राहावे. पहिल्या पावसाच्या सुमारास घाटाच्या पायथ्याच्या गावांत ते उघड्या खिडकीतून घरात शिरतात. अमेरिकेतील काही काजव्यांत हृदयावर परिणाम करणारे विष असते आणि ते खाल्ल्याने बिअर्डेड ड्रॅगन दगावल्याची नोंद आहे. एक काजवाही पुरेसा ठरू शकतो. त्या दिवसांत संध्याकाळी टँकवरची जाळी आणि जवळची खिडकी बंदच असावी.

या प्राण्याला 30 ते 40 टक्के आर्द्रता मानवते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात ती 80 टक्क्यांच्या वर असते. म्हणून पाण्याचे पसरट भांडे टँकमध्ये कायम न ठेवता दिवसातून एकदा समोर धरावे, ओल्या पाल्यातून पाणी पोटात जाऊ द्यावे आणि वायुविजनाच्या जाळ्या मोकळ्या ठेवाव्यात. तळाला वर्तमानपत्र, किचन पेपर किंवा साधी लादी असावी. किनाऱ्यावरची वाळू फुकट मिळते म्हणून ती आणण्याचा मोह होतो. तीत मीठ आणि शिंपल्यांचे तुकडे असतात आणि किड्यांबरोबर गिळलेली वाळू आतड्यात साठते.

विष्ठा रोज पाहावी. निरोगी विष्ठेत तपकिरी, आकार धरणारा भाग असतो, त्याला लागून पांढरा मऊ युरेटचा, म्हणजे घट्ट रूपातल्या लघवीचा, भाग असतो आणि कागदावर भोवती ओलाव्याची लहानशी कडा उमटते. युरेट पिवळा-नारिंगी आणि खडूसारखा टणक झाला, तर शरीरात पाणी कमी आहे. विष्ठा सतत पातळ आणि असह्य दुर्गंधीची असेल, श्लेष्मा किंवा रक्त दिसत असेल, तर कॉक्सिडियासारख्या परजीवींची शंका घ्यावी आणि ताजा नमुना स्वच्छ डबीत घालून त्याच दिवशी तपासायला न्यावा. कॉक्सिडियाची बीजे ओलाव्यात टिकतात आणि नेहमीच्या जंतुनाशकांना दाद देत नाहीत. त्यामुळे विष्ठा लगेच उचलावी आणि भांडी, लाद्या उकळत्या पाण्याने धुवाव्यात.

नेहमीपेक्षा बरेच दिवस शौच झाले नाही, तर आधी तापमान तपासावे. मग 32 ते 35 अंशांच्या, खांद्यापर्यंतच येईल इतक्या कोमट पाण्यात त्याला दहा-पंधरा मिनिटे बसवावे, एकटे सोडू नये, आणि नंतर पूर्ण कोरडे करून दिव्याखाली ठेवावे. या काळात किडे बंद ठेवावेत. घरातल्या वडीलधाऱ्यांनी सुचवले तरी एरंडेल किंवा पॅराफिन पाजू नये. ते श्वासनलिकेत गेल्यास फुप्फुसांना सूज येते. पोट टणक फुगले, मागचे पाय लुळे पडले, कुंथूनही काही बाहेर आले नाही किंवा गुदद्वारातून आतडे बाहेर दिसले, तर घरचे उपाय तिथेच थांबवावेत. बाहेर आलेला भाग स्वच्छ ओल्या कापडाने ओलसर ठेवून प्राण्याला तातडीने न्यावे. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेले पशुवैद्य मोजकेच असतात. प्राणी आणण्याआधीच त्यांचा शोध घेऊन फोन नंबर टँकजवळ लिहून ठेवावा.

डिसेंबर-जानेवारीत प्रौढ प्राणी कधीकधी खाणे कमी करून झोपू लागतो. हा आजारच असेल असे नाही, पण गृहीतही धरू नये: आधी विष्ठा तपासून घ्यावी, दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करून लिहून ठेवावे, आणि पोटात अन्न असेपर्यंत शेकण्याचा दिवा बंद करू नये. वजन घटत राहिले किंवा डोळे खोल गेले, तर ती झोप नव्हे, आजार आहे असे समजून पशुवैद्याकडे जावे.