पाण्यात उतरायचंय? कॉन्टॅक्ट लेन्स घरी ठेवायची तयारी

कुंडलिका नदीवर राफ्टिंग करायचं तर पुण्यातून भल्या पहाटे ताम्हिणीच्या रस्त्याला लागावं लागतं, कारण भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी सकाळी सुटतं. त्या घाईत डोळ्यांकडे कोण बघतो? म्हणून आठवडाभर आधीच चष्म्याच्या दुकानात जाऊन या. पोहायचे गॉगल नंबरसह तयार मिळतात, पण त्यात सिलिंडर नंबर, म्हणजे बुबुळाचा गोलावा असमान असल्याने लागणारा नंबर, नसतो. तो असेल तर कुठला साधा नंबर चालेल ते तिथेच विचारा. पुण्यातल्या टिळक टँकवर रोज पोहायला जाणाऱ्यांना हा खर्च परवडतोच. राफ्टिंगला मात्र जुना प्लॅस्टिक काचांचा चष्मा आणि मागून घट्ट पट्टा पुरे.

एवढा खटाटोप कशाला, तर सॉफ्ट लेन्स पाणी शोषते आणि त्यातले जंतू बुबुळावर दाबून धरते. त्यातला अकँथामिबा हा एकपेशीय सूक्ष्मजीव नळाच्या पाण्यातही असतो, आणि कवचात गेला की टँकमधल्या क्लोरीनला दाद देत नाही. हा संसर्ग क्वचित होतो, पण झालाच तर औषधं महिनोन्‌महिने चालतात आणि काहींची दृष्टीही जाते. ‘पाच मिनिटंच तर भिजायचंय’ हा युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही.

तरीही लेन्स घालणारच असाल, तर रोज फेकायच्या घ्या आणि वरून घट्ट गॉगल लावा. बाहेर आल्यावर लगेच ओढू नका. गोड्या पाण्याने लेन्स बुबुळाला चिकटते आणि ओढली तर ओरखडा पडतो. साबणाने हात धुवून कोरडे करा, लेन्सवर चालणारे ओलाव्याचे थेंब घाला, ती सैल होऊन हलू लागली की काढा आणि फेकून द्या. धुवून पुन्हा घालायची नाही, बिसलेरीच्या पाण्याने तर नाहीच.

सॅकमध्ये चष्मा, थेंब, साबण आणि कोरडा नॅपकिन हवा. महिनाभर चालणारी लेन्स वापरत असाल तर सोल्युशनची छोटी सीलबंद बाटली विकत घ्या, मोठीतून ओतून नेऊ नका. डबी तीन महिन्यांहून जुनी असेल तर बदला. पवना धरणाकाठी तंबूत मुक्काम असेल तर झोपण्याआधी लेन्स काढायच्याच, गप्पा कितीही रंगल्या तरी.

परतल्यावर डोळा दुखला, लाल झाला, उजेड सोसेना किंवा अंधुक दिसू लागलं, तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा. केमिस्टकडून स्वतःच्या मनाने स्टिरॉइडचे थेंब आणून घालू नका. तात्पुरतं बरं वाटतं, पण आतला संसर्ग वाढू शकतो. लेन्स घालून पाण्यात उतरला होतात हे डॉक्टरांनी विचारायच्या आधीच सांगा. उतरवलेली लेन्स आणि डबी टाकून न देता सोबत न्या, तपासणीला लागू शकते.