जुन्या मेथडिस्ट चर्चची इमारत कशी वाचायची

नाशिकमध्ये काळ्या दगडाचं जुनं चर्च दिसलं की ते मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाचंच, असं धरून चालू नका. शरणपूरची वसाहत चर्च मिशनरी सोसायटीची, म्हणजे अँग्लिकन (चर्च ऑफ इंग्लंडच्या) परंपरेतली. दारावरची पाटीही फसवते. १९७० साली अनेक प्रोटेस्टंट पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा ब्रिटिश परंपरेतले मेथडिस्ट त्यात गेले. अमेरिकी मेथडिस्ट मिशनची मंडळी बाहेर राहिली आणि १९८१ पासून ती मेथडिस्ट चर्च इन इंडिया म्हणवते. म्हणून आधी मूळ मिशन कोणतं ते ठरवा, नाहीतर कागद भलत्याच कार्यालयात शोधत बसाल.

टोकदार कमानीवरून पंथ ओळखू नका, ती त्या काळची फॅशनच होती. आत पुलपिट (प्रवचनाचा उंच मंच) आणि गुडघे टेकून प्रभुभोजन घ्यायचा लाकडी कठडा पाहा, पण कठडा अँग्लिकनांकडेही असतो.

मग फीत काढा. आतली लांबी-रुंदी आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण जुळले नाहीत तर नकाशात काटकोन गृहीत धरू नका. भिंतीची जाडी प्रत्येक खिडकीपाशी घ्या. ती मध्येच बदलली तर त्याच जागी बाहेरून जा. एकाच वेळच्या बांधकामात दगड एकमेकांत गुंतलेले असतात; नंतर जोडलेल्या भिंतीचा सांधा वरपासून खालपर्यंत सरळ येतो. गिलावा असेल तर तिथे बारीक उभी चीर शोधा.

सांध्यातला माल खिळ्याने हलकेच खरवडा. चुना पांढरट, भुसभुशीत, मध्ये न मिसळलेले खडे. सिमेंट राखाडी आणि टणक. पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ चा, त्याआधीचं सिमेंट मुख्यतः परदेशी. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातल्या भिंतीच्या सांध्यांत सिमेंट म्हणजे बहुधा नंतरची डागडुजी, आणि बऱ्याचदा दुखण्याचं मूळही तेच. सांध्यातून ओल बाहेर पडत नाही, भिंतीतच मुरते आणि आतल्या गिलाव्यावर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो.

मंगळुरी कौलांच्या पोटाशी कारखान्याचा छाप असतो. मंगळूरला बासल मिशनचा कारखाना १८६५ साली सुरू झाला. मात्र कौलं फुटतात, बदलतात. छापावरून फार तर छपराचा अंदाज येतो, भिंतीचा नाही.

कोनशिलेवरचं साल पायाभरणीचं असतं, उद्घाटनाचं नव्हे. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरातली पहिली नोंद त्याहून जुनी निघाली तर मंडळी आधी दुसरीकडे जमत असणार. झिजलेली अक्षरं वाचायला संध्याकाळी बॅटरी दगडाला चिकटून आडवी धरा, चारही बाजूंनी फोटो घ्या. खडू किंवा तेल चोळू नका. डाग कायमचा राहू शकतो.