दत्तक गेलेल्यांनी आपल्या दत्तकाची फाईल कशी शोधायची

दत्तक गेलेली बरीचशी माणसं शोध सुरू करतात तो थेट नावापासून, म्हणजे जन्मदाती आई कोण, आता कुठे असते, आणि तिथेच गाडी अडते कारण नाव सांगायला कुणी तयार नसतं. म्हणून मी सांगेन की आधी फाईल शोधा, नावाचं नंतर बघू. नाव गोपनीय ठेवलेलं असू शकतं, पण फाईलमधलं बाकी बरंच काही हाती लागू शकतं आणि ते मागताना अजिबात संकोच करू नका, 1989 च्या बालहक्क करारातसुद्धा शक्य असेल तिथवर आपले आईवडील कोण हे जाणून घ्यायचा हक्क मुलाला दिलेला आहे.

सुरुवात घरातून करा. आईबाबांशी बोलता येत असेल तर बोला, आणि त्यांना आधीच सांगा की हे तुम्हाला सोडून जाण्यासाठी नाहीये, कारण बहुतेक घरांत भीती तीच असते. मग कागद काढा: कोर्टाचा आदेश, दत्तक देणाऱ्या संस्थेची पत्रं, पावत्या, लसीकरणाचं कार्ड, पहिला पासपोर्ट, अगदी लहानपणीच्या फोटोच्या मागचा शिक्कासुद्धा. जन्मदाखला नीट वाचा. दत्तकानंतर बऱ्याच देशांत नवा दाखला निघतो, त्यावर दत्तक आईबाबांची नावं येतात आणि जुना सीलबंद होतो, त्यामुळे जन्मतारीख आणि नोंदणीची तारीख यात मोठं अंतर दिसलं तर मूळ नोंद वेगळी असण्याची शक्यता आहे. कोर्टाच्या आदेशावर कोर्टाचं नाव, प्रकरण क्रमांक आणि वर्ष असतं, कधीकधी बाळाचं आधीचं नावही असतं. या तीन गोष्टी वहीत लिहून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी त्याच विचारतात.

आता नियम बघा. तुम्ही आज राहता त्या जागेचे नाही, जिथे जन्म आणि दत्तक झालं तिथले. स्कॉटलंडमध्ये 1930 पासून मोठ्या झालेल्या दत्तक व्यक्तीला मूळ जन्मनोंद बघता येते, इंग्लंड आणि वेल्समध्ये 1975 च्या कायद्याने 18 वर्षं पूर्ण झालेल्यांना ती मिळायला लागली, आयर्लंडने कायदा केला तो थेट 2022 मध्ये. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं वेगळं, न्यूयॉर्कने मूळ दाखले जानेवारी 2020 मध्ये खुले केले आणि कान्सासने ते प्रौढांसाठी कधी बंदच केले नव्हते. भारतात ‘कारा’च्या, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्रीय सरकारी संस्थेच्या नियमांत याला रूट सर्च (आपल्या मुळाचा शोध) म्हणतात, 18 च्या पुढे स्वतः अर्ज करता येतो, त्याआधी आईबाबांसोबत, पण तिऱ्हाईत माणसाला तुमच्या वतीने शोध घेता येत नाही.

मग अर्ज तीन ठिकाणी करा, संस्था, कोर्ट आणि जन्मनोंदणी कार्यालय. सगळ्यात भरलेली फाईल बहुधा संस्थेची असते, त्यात बाळाची सगळी माहिती मांडणारा ‘अभ्यास अहवाल’, वैद्यकीय तपासणी, बाळ कसं आणि कुठून आलं याची नोंद, दत्तक घेणाऱ्या घराचा अहवाल असं काय काय असतं. फोनवर विचारू नका, फोनवर ‘काही नाही आमच्याकडे’ म्हणणं फार सोपं असतं. लेखी द्या, ओळखपत्राची प्रत जोडा, पोचपावती घ्या. मजकूर साधा ठेवा: “माझं दत्तक आपल्या संस्थेमार्फत झालं. माझ्या फाईलमधली देता येण्यासारखी सर्व माहिती आणि कागदांच्या प्रती द्याव्यात. जी माहिती देता येत नाही ती कोणत्या नियमाने, हे लेखी कळवावं.” हे शेवटचं वाक्य वगळू नका, त्याच्या उत्तरावरच पुढचं अपील किंवा कोर्टातला अर्ज उभा राहतो.

संस्था बंद पडली असेल तर फाईल संपली असं समजू नका, तिला परवाना देणाऱ्या सरकारी विभागाला विचारा, कागद दुसऱ्या संस्थेकडे किंवा अभिलेखागारात गेलेले असू शकतात. परदेशात दत्तक गेला असाल तर फायली दोन, एक जन्मदेशात आणि एक तुम्हाला घेणाऱ्या देशात, त्यात इमिग्रेशनचे कागदही येतात. एका देशातून दुसऱ्या देशात होणाऱ्या दत्तकाबद्दलच्या 1993 च्या हेग करारात सामील देशांना मुलाच्या मूळाची माहिती जपून ठेवणं बंधनकारक आहे, अर्जात त्याचं कलम 30 जरूर लिहा.

फाईल आली की एकट्याने घाईघाईत वाचू नका, जवळचं कुणीतरी सोबत असू द्या. आणि त्यातलं सगळंच खरं धरू नका, नावाचं स्पेलिंग चुकतं, वय अंदाजे लिहिलेलं असतं, आईने भीतीपोटी खोटा पत्ता दिलेला असू शकतो.

कागद कुठेच नसतील तर डीएनए चाचणी आहे, त्यात तुमचा डीएनए आधी चाचणी केलेल्या इतरांशी ताडून कोण नातेवाईक असू शकतं ते दाखवतात. आईवडिलांशी साधारण 50 टक्के, सख्ख्या चुलत-मावस भावंडांशी सरासरी 12.5 टक्के डीएनए जुळतो. पण 25 टक्के जुळला तर तो सावत्र भाऊ असेल, मामा असेल किंवा आजोबाही असतील, म्हणून वय आणि गाव ताडून बघितल्याशिवाय कुणाला मेसेज टाकू नका.

आणि नाव मिळालंच तर पहिला संपर्क संस्थेमार्फत किंवा मध्यस्थामार्फत करा, सोशल मीडियावर अचानक नको, कारण त्या बाईच्या आजच्या घरात तुमच्याबद्दल कुणालाच माहिती नसेल. पहिलं पत्र छोटं ठेवा, आपण कोण, तब्येतीबद्दल किंवा जन्माबद्दल काय जाणून घ्यायचंय, आणि उत्तर द्यायचं नसेल तरी चालेल हे स्पष्ट लिहा, सोबत आपला पत्ता द्या म्हणजे त्यांना नंतर कधी वाटलं तर लिहिता येईल.